प्रकरण चौथे: खिडकी

प्रकरण चौथे

“हे प्रकरण काढा,” मोहोळकर सर म्हणाले. “बाकीचा प्रबंध चांगला आहे. संध्याकाळपर्यंत तुम्हाला डॉक्टर म्हणायला माझी हरकत नाही. पण चौथं प्रकरण हा इतिहास नव्हे.”

“मग काय आहे, सर?”

“गोष्ट आहे. छान आहे. मी घरी वाचूनसुद्धा दाखवली.”

हॉलमध्ये थोडे लोक हसले. मीही हसले, कारण व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकाने विनोद केला की हसायचं असतं, असं वझे मॅडमनी मला बजावलं होतं. डॉ. कुमुद वझे माझ्या गाइड. त्या सरांच्या शेजारी बसून पाण्याच्या ग्लासाकडे एकटक पाहत होत्या. हे प्रकरण काढ, असं त्यांनीही मला सांगून झालं होतं. “आधी पदवी पदरात पडू दे. पुस्तक काढशील तेव्हा हवं ते घाल.” मी ऐकलं नव्हतं.

शहाण्णव सालची गोष्ट. माझा विषय होता आमच्या तालुक्यातल्या जुन्या शाळा आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांचं शिक्षण. त्यातलं चौथं प्रकरण आंबेटेक या एकाच गावाबद्दल होतं, आणि खरं तर तिथल्या शाळेच्या एकाच खिडकीबद्दल. महारवाड्यातल्या मुलांना शाळेत घेत नसत. शाळेच्या मागच्या भिंतीला एक बसकी खिडकी होती, तिचा कट्टा चांगला रुंद. आतली मुलं त्या कट्ट्यावर पाटी टेकवून लिहायची. बाहेर हातभर अंतर ठेवून उभी राहिलेली आमची काही मुलं त्या पाटीकडे बघत बघत अक्षरं शिकली, असं मी लिहिलं होतं.

“पुरावा?” सरांनी विचारलं.

“प्रत्यक्ष साक्ष आहे, सर. टेपवर घेतली आहे.”

“एका व्यक्तीची.”

“बाकीच्या वारल्या.”

“आणि ती एक तुमच्या नात्यातली.”

“हो.”

“आठवण म्हणजे पुरावा नव्हे, रणपिसे. माणसाला हवं ते आठवतं. इकडे शाळेची छापील स्मरणिका म्हणते की शाळा पहिल्या दिवसापासून सर्वांना खुली होती, ही मुलं वर्गातच मागच्या ओळीत बसत. तुम्ही तिच्यासमोर नुसती एक आठवण उभी करताय. तिला टेकू द्या, नाहीतर प्रकरण काढा. दोन्ही होणार नसेल तर मला प्रबंध परत पाठवावा लागेल.”

ती नात्यातली व्यक्ती शेवटच्या रांगेत बसून पिशवीत सुपारी शोधत होती.

तळटीप

तान्हाबाई. माझ्या आजोबांची थोरली बहीण. नात्याने मी तिला काय म्हणायला हवं होतं कोण जाणे. आजोबांच्या मुलांची ती आत्या, म्हणून आमच्या घरात सगळ्यांचीच आत्या. वय ऐंशीच्या पुढे, नेमकं तिलाही ठाऊक नाही. लग्नानंतर लवकरच कपाळ पांढरं झालं, ती माहेरी आली आणि मग घरातल्या प्रत्येक लेकराला तिनेच वाढवलं.

मला अक्षरं तिने शिकवली. परातीत चुलीतली राख पसरायची, ती पलीकडे, मी अलीकडे, मधे परात. ती बोटाने अक्षर काढायची आणि मला ते अगदी सरळ दिसायचं. समोर बसलेल्या माणसाला असं कसं जमतं, हा प्रश्न लहानपणी पडला नाही. मोठेपणी पडला तेव्हा वाटलं, केवढी माया. पोरीला सरळ दिसावं म्हणून ही स्वतः उलटं लिहिते. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी हे लिहिलंसुद्धा.

दुसरी तळटीप, जी पहिलीच्या आधी यायला हवी होती

“व्हायवा म्हंजी काय गं?” आदल्या दिवशी आत्याने विचारलं होतं.

“प्रश्न विचारतात. आपण उत्तरं द्यायची.”

“आन चुकलं तर?”

“तर पुन्हा लिहून आणायचं.”

“त्यापरीस छडी बरी. लवकर उरकतं.”

“तू नको येऊस, आत्या. तासन् तास बोलतील. तुला कंटाळा येईल.”

“माझ्याबद्दल लिवलंयस नव्हं?”

“हो.”

“मग माझ्याबद्दल माझ्या माघारी बोलनार व्हय?”

ती आली. इस्त्रीचं लुगडं नेसून, माझ्या आधी तयार होऊन.

आक्षेप

आमच्या विद्यापीठात व्हायवा खुला असतो. परीक्षकांचं झालं की हॉलमधलं कुणीही प्रश्न विचारू शकतं. सहसा कुणी विचारत नाही, कारण बाहेर सामोसे थंड होत असतात आणि ते उमेदवारानेच आणलेले असतात.

त्या दिवशी एक गृहस्थ उभे राहिले. शुभ्र सदरा, हातात स्मरणिका. भालचंद्र खांबेटे, आंबेटेकच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. शाळेचे पहिले हेडमास्तर त्यांचे आजोबा. सकाळच्या एस.टी.ने मुद्दाम आले होते.

“ताई, तुमच्या कष्टांबद्दल मला आदर आहे,” ते म्हणाले. आवाज मऊ होता. मला त्याचीच भीती वाटली. “पण मी आजोबांच्या मांडीवर वाढलोय. त्यांनी कुणाला उन्हात उभं केलं असेल, हे मला पटत नाही. ज्यांना यायचं होतं ते आले, मागे बसले, शिकले. ज्यांना नव्हतं यायचं ते नाही आले. आणि खिडकीतून बघून कुणी लिहायला शिकतं का? मी रोज हॉटेलात आचाऱ्याला बघतो, मला अजून भजी जमत नाहीत.”

मागच्या पोरांनी बाकं वाजवली.

“त्या बाई इथेच आहेत,” खांबेटे पुढे म्हणाले. “मघाशी चहाच्या टेबलाशी मला म्हणाल्या, मीच ती खिडकीवाली. मग त्यांनाच लिहू द्या की. फळा आहे, खडू आहे. एवढ्यात निकाल लागेल.”

“हे नियमात बसत नाही,” वझे मॅडम पहिल्यांदाच बोलल्या.

“उमेदवाराची हरकत आहे का?” मोहोळकर सरांनी मला विचारलं.

होती. माझ्या पदवीसाठी ऐंशी वर्षांच्या बाईने भरल्या हॉलमध्ये परीक्षा द्यावी, हे मला नको होतं. शिवाय एक साधी भीती होती. गेल्या कित्येक वर्षांत मी तिला लिहिताना पाहिलं नव्हतं. बँकेत, पंचायतीत, सगळीकडे ती अंगठा द्यायची. विचारलं तर म्हणायची, “शाई फुकट असती. लावू दे.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तोवर आत्या माझ्यापाशी येऊन पोचली होती.

“ही धर,” तिने सुपारीची पिशवी माझ्या हातात दिली.

“आत्या, नको.”

“का? मला काय सासरी धाडतायत?”

फळ्यापुढे ती जरा वेळ नुसती उभी राहिली, सारवायची भिंत बघावी तशी. “उभ्यावर कधी लिवलं न्हाय,” ती पुटपुटली. मग फळ्याच्या उजव्या टोकाला गेली. खाली वाकून आधी एक आडवी रेघ ओढली. मग त्या रेघेवरून वरच्या अंगाला काहीतरी काढत, उजवीकडून डावीकडे सरकत गेली.

ती बाजूला झाली. फळ्यावर जे होतं ते कुणालाच वाचता येईना. आपली अक्षरं रेघेला लटकतात. ही रेघेवर उभी होती, शेतात रोपं उभी असावीत तशी.

कुणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण.

“बसा, आजी,” खांबेटे म्हणाले. त्यात छद्म नव्हतं. “उगाच त्रास दिला तुम्हाला.” आणि सरांकडे वळून, “मी हेच म्हणत होतो.”

मोहोळकर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो त्यांनी कशासाठी काढला हे मला कळलं. समोर अहवालाचा कागद होता, आणि प्रबंध परत पाठवायचा शेरा लिहायला ते पेनचं टोपण उघडत होते.

मी आत्याच्या खांद्याला खांदा लावून फळ्याकडे बघत होते. तिने काय लिहिलंय ते मलाही लागत नव्हतं. माझी सगळी बाराखडी जिच्याकडून आली, तिचं अक्षर मला वाचता येत नव्हतं. असं कसं?

आणि मग उलगडलं. मी तिच्या बाजूला उभी होते. जन्मात पहिल्यांदा. आजवर ती लिहायची तेव्हा मी कायम तिच्या समोर असायचे.

“सर, टोपण लावा,” मी म्हणाले.

“काय?”

“अजून उत्तर संपलं नाही. एक कोरा कागद द्या.”

वझे मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या वहीतला कागद टर्रकन फाडून टेबलावर ठेवला.

“आत्या, इथे ये. सरांच्या समोर. मधे टेबल असू दे. आता लिही.”

“तेच?”

“तेच.”

तिने पेन मुठीत धरलं. कागद सरांच्या आणि तिच्या मधे होता, तो तिने सरळ केला नाही की फिरवला नाही. वाकली. आधी रेघ, मग अक्षरं. सर खुर्चीत रेलून बसले होते, त्यांनी सवयीने कागदाकडे नजर टाकली.

“तान्हा,” ते वाचून मोकळे झाले.

मग चष्मा चढवला. आधी कागदाकडे पाहिलं, मग पेनाकडे, मग आत्याकडे. कागद त्यांनी फिरवलेला नव्हता, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

“अजून काही लिहा,” सर म्हणाले.

“काय लिवू?”

“काहीही.”

आत्याने विचार केला. लिहिलं. सर अक्षरामागून अक्षर वाचत गेले. “शेळी… पळाली.” त्यांनी मान वर केली. “कुणाची?”

“माझी. शेळ्या चारायला जायची ना मी. शाळा बघत ऱ्हायले की पळायची. घरी गेलं की मार.”

या वेळी हॉल हसला, पण मघासारखा नाही.

“तुम्ही असं का लिहिता?”

“असंच असतंय की. साक्षरतेच्या वर्गातली पोरगी म्हनली, आजी, तुमचं समदं चुकतंय. म्हनलं, ऱ्हाऊ दे बाई. तवापासनं अंगठा देते.”

“सर,” मी म्हणाले, “तुम्ही आत्ता बसलाय तिथे वर्गातला मुलगा बसायचा. टेबल म्हणजे खिडकीचा कट्टा. आणि आत्या जिथे आहे तिथेच आत्या. मुलगा त्याच्याकडून सरळ लिहायचा. हिला तिकडून जसं दिसलं तसं हिने घेतलं. तेच धुळीत गिरवलं. अक्षर असंच असतं, असं ती आजही समजते.”

खांबेटे पुढे आले होते. टेबलाच्या कडेला हात टेकून कागद बघत होते. “एक मिनिट,” ते म्हणाले. “घरी कुणी समोर बसून शिकवलं असेल. तरी असंच होईल.”

“प्रश्न बरोबर आहे,” मोहोळकर सर म्हणाले. “उत्तर द्या.”

मी देणार होते. आत्याने दिलं.

“कोन शिकवनार, मालक? आमच्या वाड्यात पयलं अक्षर म्याच आनलं. धाकट्या भावाला म्या शिकवलं. त्यो म्होरं बसायचा, म्हनून सरळ निघाला. ही पोरगीबी म्होरं बसायची. ही बी सरळ.” तिने माझ्याकडे हनुवटी उडवली. “वाकडी म्याच एकली.”

मोहोळकर सर मोठ्याने हसले, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे आता माझ्या बाजूने आहेत.

“काका,” मी खांबेटेंना विचारलं, “मागच्या ओळीत बसलेल्या मुलाला पुढच्याची पाटी कशी दिसते?”

ते वकिली करायला आले नव्हते, हे मी तेव्हा ओळखलं. ते आजोबांसाठी आले होते, जशी मी आत्यासाठी. त्यांनी मनातल्या मनात तो वर्ग मांडून पाहिला असावा. ओळी, पाठी, पाट्या.

“सरळ,” ते म्हणाले.

“आणि शेजारी बसलेल्याला?”

“सरळच. जरा तिरकी.”

“उलटी कुठून दिसते?”

त्यांनी स्मरणिका टेबलावर ठेवली, अलगद, आवाज न करता. “बाहेरून,” ते म्हणाले.



मोहोळकर सरांनी कागद उचलला. एकदा असा धरला, एकदा तसा. “माणसाला हवं ते आठवतं, असं मी म्हणालो होतो,” ते म्हणाले. “डोक्यापुरतं ते खरं असेल. हात असं करत नाही. चौथं प्रकरण राहील. हा कागद त्याला जोडायचा.” मग त्यांनी प्रबंधाची पहिली पानं उलटली. “आणि एक दुरुस्ती. ऋणनिर्देशात तुम्ही लिहिलंय, लहानपणी तुम्हाला सरळ दिसावं म्हणून आत्या स्वतः उलटं लिहायच्या. ते वाक्य तिथून काढून प्रकरणात घ्या. ती माया नव्हती, रणपिसे. पुरावा होता.”

“मायाबी व्हती,” आत्या म्हणाली.

“बरं,” सर म्हणाले, “मग दोन्हीकडे ठेवा.”

आणि टोपण उघडून त्यांनी सही केली. वझे मॅडमनी तो ग्लास उचलून अख्खं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मागची पोरं, मघा हसलेली तीच, बाकं बडवायला लागली, आणि सामोसे कधीच थंड झाले होते तरी कुणी उठेना. प्रत्येकाला तो कागद एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने बघायचा होता. आत्याने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. “झालीस का?” तिने विचारलं.

“झाले.”

“मग सुपारी फोड.”

परिशिष्ट

निघताना खांबेटे आमच्यापाशी आले. “रविवारी शाळा बंद असते,” ते आत्याला म्हणाले. “किल्ली माझ्याकडे आहे.”

“खिडकी हाय का अजून?”

“आहे. गज बसवलेत.”

“मंग येते.”

रविवारी गेलो. शाळेला वरचा मजला चढला होता, पण मागची भिंत जुनी, दगडाचीच. खांबेट्यांनी कुलूप काढलं. आत्याने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि मग कुणाचा हात न धरता आत गेली. वर्ग लांबट होता. बाकं एका बाजूला रचून ठेवलेली. खिडकीपाशी एक बाक ओढून दिलं, तर म्हणाली, “ते खाली बसायचे.” आणि मांडी घालून जमिनीवर बसली. कट्टा तिच्या छातीला लागला. कट्ट्यावरून तिने तळहात फिरवला. मधोमध दगड गुळगुळीत झाला होता.

“पाटी हाय का?”

खांबेटे बालवाडीच्या खोलीतून पाटी आणि पेन्सिलीचा तुकडा घेऊन आले.

“तू भाईर जा,” आत्या मला म्हणाली.

“का?”

“जा म्हनते ना.”

शाळेला वळसा घालून मी मागे गेले. तिकडे आता रान माजलं होतं, टणटणी, काटे, फुटक्या कौलांचा ढीग. वाट करत खिडकीशी पोचले तेव्हा गजांच्या आड आत्याचं डोकं खाली झुकलेलं होतं आणि पेन्सिल कुरकुरत होती. तिचं लिहून झालं. पाटी तिने दोन्ही हातांनी कट्ट्यावर दाबून धरली.

“दिसतंय का?”

“दिसतंय.”

“सरळ?”

मी पाहिलं. अक्षरं रेघेला नीट लटकलेली होती. काना काना जागेवर.

“सरळ,” मी म्हणाले.

तिच्या मागे खांबेटे ओणवे होऊन बघत होते. मान एकदा या खांद्यावर, एकदा त्या. “काय लिहिलंय? मला काहीच लागत नाही.”

“आतनं न्हाईच लागनार,” आत्या म्हणाली. “भाईर जाऊन बघा.”

ते गेले. मला त्यांची पावलं वर्गातून, मग ओट्यावरून, मग भिंतीच्या कडेने येताना ऐकू आली. पांढरं धोतर टणटणीत अडकलं, ते सोडवून घेत ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. वर ऊन होतं. त्यांनी गजांना धरलं, थोडे वाकले आणि पहिलीतला मुलगा वाचतो तसं बोट नाचवत वाचलं.

“आत ये.”

आत्याने पाटी उचलून मांडीवर घेतली आणि पदराने पुसायला लागली. आम्ही दोघं अजून तिथेच उभे आहोत हे तिने पाहिलं.

“मंग?” ती म्हणाली. “या की.”